लाट पुढे जाते, पाणी नाही

विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी गती व तरंग यांची ओळख

२६ डिसेंबर २००४, रविवारची सकाळ. थायलंडमधील फुकेत बेटावरच्या मायखाओ किनाऱ्यावर, नाताळच्या सुटीसाठी इंग्लंडहून आलेले एक कुटुंब वाळूवरून फिरत होते. त्या कुटुंबातील दहा वर्षांची मुलगी टिली स्मिथ एकाएकी थबकली. समुद्राचे पाणी नेहमीप्रमाणे आत-बाहेर होत नव्हते. ते आतच येत चालले होते आणि त्यावर उकळी फुटल्यासारखा फेस दिसत होता. दोनच आठवड्यांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला तिने त्सुनामीचा पाठ ऐकला होता. समोरचे लक्षण तिने ओळखले आणि आईवडिलांजवळ आग्रह धरला. वडिलांनी सुरक्षारक्षकाला गाठले, किनारा रिकामा झाला आणि थोड्याच वेळात लाट आली. तेथील सुमारे शंभर जणांचे प्राण वाचले.

त्याच दिवशी हिंदी महासागराभोवतीच्या देशांत मिळून सुमारे सव्वादोन लाख माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत भारतातील दहा हजारांहून अधिक जण होते. त्या लहान मुलीजवळ कोणतेही यंत्र नव्हते. वर्गात मन लावून ऐकलेला एक पाठ तेवढा तिच्याजवळ होता.

विद्यार्थी मित्रांनो, गती, दोलन, तरंग आणि ध्वनी यांवरचे पाठ तुमच्याही पुस्तकांत आहेत. नववीत त्यांची ओळख होते आणि अकरावी-बारावीत त्यांचा विस्तार होतो. दुकानात बसून टक्केवारी, सूट आणि व्याज तोंडी सांगणारा मुलगा ‘तरंगलांबी काढा’ या प्रश्नापाशी मात्र अडखळतो, हे अनेक घरांत दिसते. त्याला गणित येत नाही असे मुळीच नाही. सूत्र आधी पाठ झाले आणि त्यामागचे चित्र मनात उमटलेच नाही, एवढीच त्याची अडचण असते. ते चित्र आज आपण आपल्या घरातील आणि पेढीवरील वस्तूंच्या आधाराने उभे करू.

तराजूची दांडी का झुलते?

तराजूच्या एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात माल टाकला की दांडी लगेच स्थिर होत नाही. ती एकदा इकडे झुकते, एकदा तिकडे, आणि काही वेळ झुलून मग मध्यावर येते. असे का व्हावे? दांडी कलली की तिला मध्याकडे परत खेचणारे बल निर्माण होते. ती मध्यावर येते, पण येताना तिला वेग आलेला असतो. गतीत असलेली वस्तू आपण होऊन थांबत नाही, या गुणाला जडत्व म्हणतात. त्यामुळे दांडी मध्य ओलांडून पलीकडे जाते. तेथे तिला पुन्हा परत खेचले जाते.

परत खेचणारे बल आणि जडत्व या दोन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे दोलन होते. झोपाळा, घड्याळाचा लंबक, तंबोऱ्याची तार, स्प्रिंगवर टांगलेले वजन ही सारी याच एका नियमाची रूपे आहेत. मध्यस्थितीपासून वस्तू जास्तीत जास्त जितकी दूर जाते त्या अंतराला आयाम म्हणतात. एक पूर्ण दोलन, म्हणजे एका टोकापासून निघून पुन्हा त्याच टोकाला येणे, यास लागणारा वेळ तो दोलनकाल. एका सेकंदात जितकी दोलने होतात ती वारंवारता, आणि तिचे एकक हर्ट्झ. दोलनकाल अर्धा सेकंद असेल तर वारंवारता २ हर्ट्झ, हे तोंडी हिशेब करणाऱ्या मुलांना वेगळे सांगावे लागू नये.

आता एक प्रयोग करा. मजबूत दोऱ्याला एक लहान जड वस्तू बांधा आणि तो खिळ्याला असा टांगा की खिळ्यापासून वस्तूच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर १ मीटर भरेल. वस्तू थोडी बाजूला नेऊन सोडा आणि १० पूर्ण दोलनांचा वेळ मोजा. तो सुमारे २० सेकंद भरेल. आता दुप्पट वजनाची वस्तू बांधा. वेळ बदलणार नाही. झोका थोडा लहान किंवा थोडा मोठा करा. तरीही वेळ जवळपास तोच राहील. शेवटी दोऱ्याची लांबी २५ सेंटिमीटर करा. आता १० दोलनांना सुमारे १० सेकंद लागतील. लांबी चौथाई झाली तेव्हा वेळ निम्मा झाला, म्हणजेच दोलनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. पुस्तकातील सूत्र हेच सांगते. फरक इतकाच की आता ते तुम्ही स्वतःच्या हाताने पडताळले आहे.

लंबकाचा जमाखर्च

व्यापारी घरातील मुलांना लंबकाची ऊर्जा समजणे तर फारच सोपे आहे. लंबक टोकाला असतो तेव्हा क्षणभर स्थिर असतो. उंचीमुळे मिळालेली सगळी ऊर्जा तेव्हा स्थितिज ऊर्जेच्या खात्यात जमा असते. तो खाली येऊ लागतो तशी ती रक्कम गतिज ऊर्जेच्या खात्यात वळती होते. सर्वांत खालच्या बिंदूपाशी वेग सर्वाधिक असतो. पुन्हा वर चढताना उलटी नोंद पडते. दोन्ही खात्यांची बेरीज मात्र कायम राहते. हवेच्या घर्षणात थोडी ऊर्जा जाते, म्हणून झोका हळूहळू लहान होतो. ही तूटही नाहीशी होत नाही. ती उष्णतेच्या खात्यात नोंदलेली असते. निसर्गाची वही कधीही न जुळता राहत नाही.

आमच्या वडिलांच्या पेढीवर भिंतीला लंबकाचे घड्याळ होते. चैत्र-वैशाखात ते मागे पडू लागे. घड्याळजी येऊन लंबकाच्या गोळ्याखालचा छोटा नट किंचित वर फिरवी आणि पाच मिनिटांत काम संपवून जाई. त्या वयात आम्हांस ती जादू वाटे. पुढे पदार्थविज्ञान शिकताना तिचा उलगडा झाला. उन्हाळ्यात धातूची दांडी तापून लांबते, लांबी वाढली की दोलनकाल वाढतो आणि घड्याळ मागे पडते. नट वर फिरवला की गोळा वर सरकतो आणि लांबी पूर्ववत होते. १ मीटर लांबीची पोलादी दांडी तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास जेमतेम ०.१२ मिलिमीटर लांबते. तेवढ्याने घड्याळ दिवसाला सुमारे ५ सेकंद, म्हणजे महिन्याला अडीच मिनिटे मागे पडते. केसाएवढी चूक साठत साठत केवढी होते, हे पेढीवर वाढलेल्या मुलाला सांगायला नको.

लंबकाने जगाला याहून मोठे धडेही दिले आहेत. इटलीतील पिसा येथील चर्चमध्ये झुलणारा दिवा पाहून तरुण गॅलिलिओला लंबकाविषयी कुतूहल वाटले, अशी आख्यायिका आहे. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ साली लंबकाचे घड्याळ रचले. पुढे १६७२ मध्ये झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे, विषुववृत्ताजवळ गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारे त्याचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक मुद्दाम आखूड करावा लागला. विषुववृत्ताजवळ पृथ्वीची ओढ किंचित कमी आहे, हे त्यातून उघड झाले. पृथ्वी पूर्ण गोल नसून मध्यावर फुगीर आहे हे सिद्ध करताना न्यूटन यांनी या निरीक्षणाचा आधार घेतला. महिन्याला अडीच मिनिटांची चूक उन्हाळ्याने केली होती. दिवसाला अडीच मिनिटांची चूक पृथ्वीचा आकार सांगून गेली.

हुंडी आणि लाट

एका लंबकाचे दोलन समजले की तरंग फार दूर नाही. शेजारी-शेजारी असलेल्या अनेक कणांनी एकापाठोपाठ एक तेच दोलन केले की तरंग होतो. पहिला कण हलतो आणि दुसऱ्याला ओढतो, दुसरा तिसऱ्याला. प्रत्येक कण आधीच्याची नक्कल करतो, थोडी उशिरा.

जाड दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधा. दोरीच्या मध्यावर लाल फीत गाठवा. मोकळे टोक हातात धरून एक झटका द्या. झटक्याचा उंचवटा दोरीवरून धावत गजापर्यंत जाईल. लाल फीत मात्र फक्त वर जाऊन खाली येईल. ती गजाकडे जाणार नाही. असाच अनुभव पाण्याचा. हौदात झेंडूची पाकळी टाकून बाजूला खडा टाका. तरंग पाकळीखालून निघून जातील आणि पाकळी जागच्या जागी डुलत राहील. खोल पाण्यावर तरंगणारी वस्तू लाटेबरोबर वर, किंचित पुढे, खाली आणि किंचित मागे अशी जवळजवळ वर्तुळात फिरून पुन्हा मूळ जागी येते.

मग पुढे काय जाते? ऊर्जा जाते. येथे आपल्या पूर्वजांच्या व्यवहारातील हुंडी आठवावी. पुण्याच्या व्यापाऱ्याला मुंबईचे देणे द्यायचे असले तर रुपयांच्या थैल्या घाटातून न्याव्या लागत नसत. तो पुण्यातील सराफाकडे रक्कम भरून हुंडी घेई. मुंबईच्या पेढीवर ती दाखवली की तेथील तिजोरीतून पैसे मिळत. पुण्याचा रुपया पुण्यात राहिला, मुंबईचा मुंबईत. मूल्य मात्र पुण्याहून मुंबईला पोहोचले. तरंगाचा व्यवहार असाच आहे. पाणी आपल्या जागी, हवा आपल्या जागी, दोरी आपल्या जागी. ऊर्जा तेवढी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचते.

दोरीचे कण तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतात. अशा तरंगास अवतरंग म्हणतात. रांगेत मागून धक्का आला की तो पुढच्यापर्यंत पोहोचतो. तेथे माणसे धक्क्याच्याच दिशेत पुढे-मागे होतात. हा अनुतरंग. ध्वनी याच प्रकारचा आहे.

तीन राशी, एक नाते

लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. समजा, दोन माथ्यांतील अंतर ५ मीटर आहे आणि दर सेकंदाला २ माथे तुमच्यासमोरून जातात. मग लाट दर सेकंदाला १० मीटर पुढे जात असणार. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, हे नाते इतके सरळ आहे. नगांची संख्या गुणिले एका नगाची लांबी असा हा हिशेब आहे.

परीक्षेत मुले चुकतात ती पुढच्या पायरीवर. या तिन्ही राशी सारख्याच मोकळ्या नसतात. वारंवारता ठरवतो तो तरंग निर्माण करणारा, म्हणजे स्रोत. वेग ठरवते ते माध्यम. तरंगलांबी या दोहोंतून आपोआप निघते. २०० हर्ट्झचा स्वर हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, म्हणून त्याची तरंगलांबी १.७ मीटर. तोच स्वर पाण्यात शिरला की वेग सुमारे १४८० मीटर होतो. स्रोत तोच असल्याने वारंवारता २०० हर्ट्झच राहते, आणि तरंगलांबी ७.४ मीटर होते. माध्यम बदलले की वारंवारता बदलत नाही. हे एक वाक्य मनात पक्के बसले तर या पाठावरची कितीतरी उदाहरणे सुटतील. शिवाय लेखाच्या शेवटी ते आपल्याला पुन्हा लागणार आहे.

हवेतील अदृश्य लाट

ध्वनी कानापर्यंत कसा पोहोचतो, याचा विचार आपल्या देशात फार पूर्वी झाला आहे. न्यायशास्त्राच्या ग्रंथांत त्यासाठी दोन दृष्टान्त येतात. पाण्यात एका लाटेतून दुसरी लाट उठत जाते तसा एका शब्दातून पुढचा शब्द उत्पन्न होतो, हा वीचितरंगन्याय. कदंबाच्या गोल फुलाचे केसर जसे सर्व बाजूंना एकाच वेळी फुलतात तसा शब्द दाही दिशांना पसरतो, हा कदंबगोलकन्याय. आजचे विज्ञान या विषयाचे मोजमाप करते, पण पाण्याची लाट पाहून ध्वनीचा विचार करावा ही बुद्धी त्या पंडितांनाही झाली होती, याचे कौतुक वाटते.

ढोलकीची पुडी बाहेर आली की ती समोरची हवा दाबते. आत गेली की तेथील हवा विरळ होते. या दाबलेल्या थरांना संपीडन व विरळ थरांना विरलन म्हणतात. संपीडने आणि विरलने पुढे सरकत जातात. हवेचे कण मात्र केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी अंतरात पुढे-मागे होतात. पडताळा पाहायचा असेल तर खोलीच्या एका टोकाला निरांजन ठेवा आणि दुसऱ्या टोकाला उभे राहून बोला. आवाज तेथे स्पष्ट ऐकू जाईल, पण ज्योत हलणार नाही. तुमच्या तोंडची हवा तेथे गेलेलीच नसते.

माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. हवेत ध्वनीचा वेग ० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि तापमानाच्या दर अंशामागे तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. प्रकाश याहून कितीतरी वेगवान असल्याने वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून ऐकू येतो. या दोहोंतील सेकंद मोजून तीनाने भागा. वीज किती किलोमीटरवर पडली ते कळेल. ९ सेकंद आले तर सुमारे ३ किलोमीटर. हे अंतर कमी-कमी होत असेल तर वीज आपल्याकडे सरकत आहे असे समजून तत्काळ पक्क्या इमारतीत जावे. गडगडाट ऐकू येण्याइतकी वीज जवळ असली तर उघडे शेत, गच्ची आणि एकटे झाड ही ठिकाणे धोक्याचीच आहेत.

दोन लाटा आणि मधले अडीच तास

आता आपण आरंभी सांगितलेल्या सकाळकडे परत येऊ. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी सुमात्रा बेटाजवळ समुद्रतळाखाली प्रचंड भूकंप झाला. समुद्राचा तळ उचलला गेला आणि त्याने वरचे सारे पाणी हलवले. या एकाच घटनेतून दोन प्रकारचे तरंग निघाले. पहिले पृथ्वीच्या पोटातून, खडकांतून गेले. त्यांतील सर्वांत वेगवान तरंग सेकंदाला अनेक किलोमीटर जातात. चेन्नईसारख्या सुमारे २००० किलोमीटर दूरच्या शहरात ते काही मिनिटांतच पोहोचले. दुसरी लाट समुद्राच्या पाण्यातून निघाली.

त्सुनामीसारख्या अतिलांब लाटेचा वेग समुद्राच्या खोलीवर ठरतो. खोलीला पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाने गुणून वर्गमूळ काढले की वेग मिळतो. समुद्र ४००० मीटर खोल असेल तर ४००० गुणिले ९.८ म्हणजे ३९,२००. त्याचे वर्गमूळ सुमारे १९८. म्हणजे सेकंदाला १९८ मीटर, तासाला सुमारे ७१३ किलोमीटर. प्रवासी विमानाच्या जवळपास पोहोचणारा हा वेग आहे. तरीही भर समुद्रातील जहाजाला या लाटेचा पत्ता लागत नाही. भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी एका उपग्रहाने वरून केलेल्या मोजणीत खुल्या समुद्रात या लाटेची उंची जेमतेम ६० सेंटिमीटरच्या आसपास आढळली होती, आणि ती शेकडो किलोमीटर लांबीवर पसरलेली होती.

मग किनाऱ्याशी ती एवढी उग्र का झाली? मघाचे वाक्य आठवा: माध्यम बदलले की वारंवारता बदलत नाही. पाणी ४००० मीटरवरून १० मीटर खोल झाले की वेग ७१३ वरून सुमारे ३६ किलोमीटरवर येतो, म्हणजे विसावा हिस्सा होतो. वारंवारता तीच असल्याने तरंगलांबीही विसावा हिस्सा होते. २०० किलोमीटर लांबीची लाट १० किलोमीटरमध्ये मावू लागते. टोलनाक्यापाशी गाड्यांचा वेग कमी होतो आणि महामार्गावर दूरदूर असलेल्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, तसेच हे. पुढचा भाग मंदावतो, मागचा भाग त्यावर चाल करून येतो आणि इतक्या लांबीत पसरलेली ऊर्जा थोड्या जागेत कोंडली जाते. तिला वर चढण्यावाचून मार्ग राहत नाही.

येथे कोणी विचारील की लाटेत पाणी पुढे जात नाही, तर गावांत पाणी शिरले कसे? प्रश्न योग्य आहे. पाण्याचे कण मूळ जागी परत येतात हा नियम खोल पाण्यातील लहान लाटेचा. लाट उथळ जागी फुटली की हा नियम मोडतो आणि पाणी खरोखरच पुढे लोटले जाते. त्सुनामीत तर एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत पाव तास किंवा अधिक वेळ जातो. त्यातील साधारण निम्मा वेळ पाणी एकाच दिशेने आत येत राहते आणि उरलेला निम्मा वेळ बाहेर ओढले जाते. काही ठिकाणी लाटेचा खोलगट भाग आधी पोहोचतो. तेथे समुद्र अचानक दूर मागे जातो, तळ उघडा पडतो, आणि लोक कुतूहलाने पुढे जातात. ते पुढे जाणेच घातक ठरते.

चेन्नईच्या किनाऱ्यावर लाट पोहोचली तेव्हा भूकंपाला सुमारे अडीच तास झाले होते. खडकांतील तरंग काही मिनिटांत पोहोचला होता आणि पाण्यातील लाट अडीच तासांनी आली. दोन वेगांच्या या फरकात हजारो माणसांना किनाऱ्यापासून दूर नेता आले असते. त्या वेळी हिंदी महासागरासाठी पूर्वसूचनेची यंत्रणाच नव्हती. तो वेळ वाया गेला. पुढे २००७ साली हैदराबाद येथे भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. भूकंपाचा वेगवान तरंग टिपायचा, समुद्रातील उपकरणांवरून पाण्याची हालचाल पाहायची आणि मंद लाट पोहोचण्याआधी किनारे सावध करायचे, हे त्याचे काम. ‘वेग, अंतर, वेळ’ या शाळेतील उदाहरणावरच ते उभे आहे.

हे सारे आपल्या किनाऱ्यापासून दूरचे आहे असेही मानू नये. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. म्हणून समुद्रकाठी असताना जमीन बराच वेळ हादरली, समुद्र एकाएकी मागे हटला किंवा विचित्र वागू लागला, तर वाट न पाहता उंच जागी जावे. पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही; प्रशासनाची सूचना येईपर्यंत परत उतरू नये.

घरी काय करावे?

पालकांना यासाठी पदार्थविज्ञान येण्याची गरज नाही. मुलाने सूत्र म्हणून दाखवले की त्याला तीनच प्रश्न विचारावेत. येथे हलते आहे काय? पुढे जाते आहे काय? आणि यातील कोणती राशी कोण ठरवतो? या तिन्हींची उत्तरे त्याला साध्या मराठीत देता आली तर पाठ समजला असे खुशाल समजावे. अडखळला तर दोरी, खिळा आणि पाण्याचा हौद यांकडे परत जावे. उदाहरण सोडवण्यापूर्वी तरंगाची आकृती काढून तिच्यावर आयाम आणि तरंगलांबी दाखवण्याची सवय लावावी. आपण मालाचा हिशेब करण्याआधी माल डोळ्यांनी पाहतो, तसेच हे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आज दिवेलागणीनंतर एक दोरा, एक जड वस्तू आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्या. घरातील मोठ्यांना शेजारी बसवून १ मीटर लांबीच्या लंबकाची दहा दोलने मोजायला लावा. वजन दुप्पट केले तर किती वेळ लागेल, हे आधी त्यांना विचारा. बहुतेक जण चुकीचे उत्तर देतील. मग त्यांना प्रत्यक्ष दाखवा आणि कारण समजावून सांगा.

पालकांनी त्या वेळी मुलाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे. मायखाओच्या किनाऱ्यावर एका मुलीला पाठ आठवला, हे जितके महत्त्वाचे होते तितकेच महत्त्वाचे होते तिच्या वडिलांनी तिचे ऐकणे.